द्वादशीच्या घरात त्रयोदशी

"मामा, हे कॅलेंडर चुकलंय!"

भाची खुर्चीवर चढून भिंतीवरच्या कॅलेंडरात नाक खुपसून उभी होती. २०२५ सालच्या दिवाळीतली ही गोष्ट. तारीख १८ ऑक्टोबर, वार शनिवार. सुट्टी लागताच ती पुण्याहून मानोऱ्याला आजोळी आली होती. मानोरा म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. बंजारा समाज जिला आपली काशी मानतो, ती पोहरादेवी आमच्याच तालुक्यात आहे.

मी उठून पाहिलं. चौकोनात मोठ्ठा १८ चा आकडा, त्याच्या खाली बारीक अक्षरात तिथी छापलेली : द्वादशी. आणि त्याच चौकोनात, त्याच तारखेला लिहिलेलं : धनत्रयोदशी. शेजारी आणखी एक इवलासा शब्द : प्रदोष.

"द्वादशी म्हणजे बारावी तिथी ना? आणि त्रयोदशी म्हणजे तेरावी. मग बारावीच्या दिवशी तेरावी कशी काय?"

प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर जुळवतोय तोवर स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "चुकलं गिकलं काही नाही माय. माहा परदोस आजच हाये. तिथ सांजंची पाहा लागते, सकाळची नाही!"

आजीनं एका ओळीत सगळं सांगून टाकलं होतं. पण त्या ओळीत केवढं आकाश भरलंय, ते कळायला आम्हाला अख्खा दिवस लागला, अख्खी संध्याकाळ लागली आणि दुसऱ्या दिवसाची पहाटसुद्धा.

आधी त्या इवल्याशा शब्दाकडे पाहू. 'प्रदोष' म्हटलं की आपल्याला 'दोष' आठवतो, काहीतरी चुकलं-बिकलं असं वाटतं. तसं मुळीच नाही. संस्कृतात 'दोषा' या शब्दाचा एक अर्थ आहे रात्र. म्हणून तर चंद्राला 'दोषाकर' असंही नाव आहे. प्रदोष म्हणजे रात्रीची सुरुवात. सूर्य नुकताच बुडालाय, दिवे लागतायत, गुरं गोठ्यात परतलीयत, तीच ती तिन्हीसांज. ही वेळ रोजच येते. पण महिन्यात दोनदा, एकदा शुक्ल पक्षात आणि एकदा कृष्ण पक्षात, या वेळेला त्रयोदशी ही तिथी चालू असते. त्या संध्याकाळी महादेवाची पूजा करतात. दिवसभर उपास आणि पूजा झाल्यावर जेवण. सोमवारी आला तर सोमप्रदोष, मंगळवारी भौमप्रदोष, शनिवारी आला तर शनिप्रदोष. त्या दिवशी शनिवार होता, म्हणजे आजीचा शनिप्रदोष. वर धनत्रयोदशीही. आजीची नुसती धांदल उडाली होती.

आता गंमत बघा. प्रदोष ठरवायला दोन घड्याळं लागतात. एक चंद्राचं, एक सूर्याचं. ही दोन्ही घड्याळं एकमेकांना अजिबात विचारत नाहीत. आपापल्या चालीनं चालतात. ज्या संध्याकाळी चंद्राच्या घड्याळात त्रयोदशी असते आणि सूर्याच्या घड्याळात तिन्हीसांज असते, ती प्रदोषाची संध्याकाळ.

चंद्राचं घड्याळ समजावून घ्यायला आम्ही अंगणात गेलो. मी खडूनं एक मोठं वर्तुळ काढलं. "समज हे शाळेचं मैदान. त्यावर दोघं जण पळतायत. सूर्य हळूबाई, दिवसाला साधारण एक अंश पुढे सरकतो. चंद्र मात्र चपळ, दिवसाला तेरा अंश." (सूर्य खरोखर पळत नाही, आपली पृथ्वीच त्याच्याभोवती फिरते, पण पृथ्वीवरून बघणाऱ्याला तो ताऱ्यांमधून असा सरकताना दिसतो.) दोघं एका ठिकाणाहून निघाले, ती अमावास्या. तेव्हापासून चंद्र पुढे निघतो आणि दोघांमधलं अंतर दिवसाला साधारण बारा अंशांनी वाढत जातं. बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी संपली, पहिली. आणखी बारा अंश, की दुसरी. अख्खं वर्तुळ ३६० अंशांचं. त्याला बारानं भागलं तर?

"तीस!" भाची म्हणाली.

तीस तिथी. पंधरा शुक्ल पक्षाच्या, पंधरा कृष्ण पक्षाच्या. म्हणजे तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या कोनाचं नाव आहे! रोज सकाळी आजी पंचांगात डोकावते, तेव्हा ती खरं तर आकाशातला कोन वाचत असते. शुक्ल त्रयोदशी लागते तेव्हा दोघांमध्ये १४४ अंश असतात आणि १५६ अंश झाले की ती संपते. कृष्ण त्रयोदशी ३२४ ला लागते, ३३६ ला संपते.

आता चंद्राची खोडी ऐका. तो सारख्या वेगानं पळत नाही. त्याची पृथ्वीभोवतीची वाट अगदी गोल नाही, थोडी लांबट आहे. त्यामुळे कधी तो आपल्याजवळ येतो, कधी लांब जातो. जवळ आला की भरभर चालतो, लांब गेला की रमतगमत. म्हणून एखादी तिथी वीस तासांतच आटोपते, तर एखादी सव्वीस तासांहूनही जास्त रेंगाळते. आपला दिवस मात्र चोवीस तासांचा. चोवीस तासांच्या डब्यात कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांची वस्तू बसवायची म्हटलं तर ती बाहेर डोकावणारच! तिथी सकाळी सूर्य उगवतानाच सुरू व्हायला पाहिजे, असं चंद्रावर बंधन नाही. ती भर दुपारी लागते, मध्यरात्री लागते, तुम्ही शाळेत डबा खात असतानाही लागते.

मग कॅलेंडरवाल्यांनी चौकोनात कोणती तिथी छापायची? त्यांनी साधा नियम धरलाय. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची.

आता आपला शनिवार उलगडा. १८ ऑक्टोबरला सूर्य उगवला तेव्हा द्वादशी चालू होती. चौकोनात 'द्वादशी' छापलं गेलं, अगदी बरोबर. पण दुपारी सव्वाबाराच्या सुमारास द्वादशी संपली आणि त्रयोदशी लागली. ती रविवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास संपली. मोजा बरं, साडेपंचवीस तास. एवढ्या लांबलचक त्रयोदशीच्या वाट्याला तिन्हीसांज किती आल्या? एकच, शनिवारची. रविवारी दिवे लागेपर्यंत चतुर्दशी लागून चार तास होऊन गेलेले. म्हणून रविवारच्या चौकोनात 'त्रयोदशी' छापलेलं असूनही प्रदोष मात्र शनिवारी, द्वादशीच्या घरात.

भाचीनं मान डोलावली. "म्हणजे कॅलेंडर बरोबर आहे."

"म्या काय म्हनलं व्हतं?" आजी म्हणाली.

असं प्रत्येक व्रताचं आपापलं घड्याळ असतं. संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते, म्हणून तर आपण ताट वाढून चंद्रोदयाची वाट बघत बसतो. महाशिवरात्रीला मध्यरात्र महत्त्वाची. लक्ष्मीपूजनाला आणि होळीला पुन्हा प्रदोषच. त्यामुळे सण कधी कधी आदल्या चौकोनात उडी मारतात आणि दर दिवाळीला घराघरांत 'नक्की कधी?' असा वाद रंगतो. वाद घालणाऱ्यांना एवढंच विचारायचं : कोणत्या वेळेची तिथी पाहताय?

आणि हे सगळं आधी कळतं कसं? गणितानं. आज संगणक आहेत. पण ते नव्हते तेव्हाही पंचांगं निघतच होती. १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञ यांनी 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ लिहिला. अवघड कोष्टकांची कटकट टाळून ग्रहांची जागा काढायच्या सोप्या रीती त्यात होत्या. त्यावरून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जोशांनी पुढे शेकडो वर्षं पंचांगं केली. पाटीवर, बोटांवर! कंदिलाच्या उजेडात कुणीतरी आकडेमोड करतोय आणि पुढच्या वर्षी कुठल्या दुपारी त्रयोदशी लागणार ते शोधून काढतोय, असं चित्र मनात आणलं की मला त्या माणसांचा फार अभिमान वाटतो.

इतकं होईतो ऊन कलतं झालं होतं. कणकेचे दिवे वळून झाले होते, वाटीत धणे-गूळ तयार होता. आम्ही दोघं स्लॅबवर चढलो. गावाबाहेर सोयाबीन निघालेलं, तुरी कमरेच्या वर, कपाशीला बोंडं फुटलेली. आणि पश्चिमेला सूर्य पार खाली.

"एवढ्या लवकर?" भाचीनं घड्याळ पाहिलं. "अजून सहासुद्धा वाजले नाहीत. आमच्याकडे पुण्यात तर सहा वाजून गेले तरी ऊन असतं."

हे तिनं अगदी नेमकं पकडलं. हेच ते दुसरं घड्याळ, सूर्याचं. आपल्या हातातलं घड्याळ भारतभर एकच वेळ दाखवतं. ती वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. सूर्याला हा सरकारी नियम ठाऊक नाही. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मानोरा त्या रेषेच्या साधारण पाच अंश पश्चिमेला, म्हणजे आपला सूर्य हातातल्या घड्याळाच्या वीस मिनिटं मागं चालतो. पुणं आणखी पश्चिमेला, तिथं तो पस्तीस मिनिटं मागं. म्हणून त्या दिवशी मानोऱ्यात सहाला पाचेक मिनिटं कमी असतानाच सूर्य बुडाला, तेव्हा पुण्याला तो आणखी पाव तासभर डुलत होता. मुंबईला त्याहून थोडा जास्त. मानोऱ्याची तिन्हीसांज मानोऱ्याची, पुण्याची पुण्याची.

आणि ती रोज थोडी सरकते. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे साडेपाच वाजून गेले की सूर्य बुडतो, तर जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. जवळजवळ दीड तासाचा फरक! त्यामुळे 'प्रदोष संध्याकाळी सहाला' असं कुणी छापील सांगितलं तर त्याला विचारा, कुठल्या गावच्या आणि कुठल्या महिन्यातल्या सहाला?

रेषेवरून आठवलं. मिर्झापूरची रेषा आली ती इंग्रजांच्या काळात प्रमाणवेळेसाठी धरली म्हणून. त्याच्या कितीतरी आधी भारतीय गणित्यांची स्वतःची मध्यरेषा होती. ती लंकेपासून उज्जैनवरून उत्तरेला मेरूपर्यंत जाते असं ते मानत. सातव्या शतकात भास्कर नावाचे गणिती होऊन गेले ('लीलावती'वाले भास्कराचार्य नव्हेत, त्यांच्याही पाचशे वर्षं आधीचे). त्यांनी 'महाभास्करीय' या ग्रंथात त्या रेषेवरच्या गावांची यादी दिली आहे. त्या यादीत एक नाव आहे वत्सगुल्म. वत्सगुल्म म्हणजे कोण सांगा? आपलं वाशिम! वाकाटक राजांची ही राजधानी. वाशिमला आजही मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि मध्यरेषा तिथून जायची असं गावात सांगतात. आज नकाशा घेऊन मोजलं तर वाशिम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला येत नाही, सव्वा अंशाहून थोडं जास्त पूर्वेला आहे. पण उपग्रह नव्हते, दुर्बिणी नव्हत्या, अशा काळात तिथवरचा अंदाज! भाचीनं एवढंच विचारलं, "म्हणजे आपल्या जिल्ह्यावरून जगाची वेळ मोजायचे?" मी म्हटलं, त्या गणित्यांच्या जगाची, हो.

सूर्य बुडाला. सगळी माणसं अशा वेळी पश्चिमेचे रंग बघतात. मी भाचीला धरून उलटं वळवलं, पूर्वेकडे तोंड करून. तुम्हीही कधी हे करून बघा, पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल अशा जागेवरून. सूर्यास्तानंतर काही मिनिटांनी पूर्वेला, अगदी जमिनीला टेकून, करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा वर येऊ लागतो. त्याच्या डोक्यावर गुलाबी पट्टा असतो. ढग नव्हे, धूर नव्हे. ती पृथ्वीची सावली! आपल्या पायाखालच्या एवढ्या मोठ्या पृथ्वीची सावली हवेवर पडलेली असते आणि सूर्य जसजसा खाली जातो तसतशी ती वर चढते. चढत चढत ती सगळं आकाश व्यापते, तेव्हा आपण म्हणतो, रात्र झाली. दोषा म्हणजे रात्र ना? मग ही सावली वर येते तोच प्रदोष. डोळ्यांनी बघता येणारा.

भाची कितीतरी वेळ बोललीच नाही.

अंधार व्हायला किती वेळ लागतो? खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की पुरती रात्र. मानोऱ्याच्या अक्षांशावर सूर्य तसा सरळच खाली उतरतो, त्यामुळे ऑक्टोबरात याला साधारण सव्वा तास पुरतो. आता आपल्या जुन्या मापात बघा. दिवसरात्रीच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटं, जवळजवळ तेच की! आणि पहिल्या घटकेत अंगणात दिव्याशिवाय पुस्तक वाचता येतं, नंतर अक्षरं पुसट होतात. घटका मोजायला घटिकापात्र असायचं. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर ठेवली की हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी 'बुडूक' करून बुडते. लग्नातला मुहूर्तही तिच्यावरच मोजत.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली लिहिलेल्या 'धर्मसिंधु'त प्रदोष तीन मुहूर्तांचा धरलाय. मुहूर्त म्हणजे दोन घटका. म्हणजे सूर्यास्तापासून सहा घटका, १४४ मिनिटं. थांबा, हा आकडा कुठं पाहिला होता? शुक्ल त्रयोदशी १४४ अंशांवर लागते! हा निव्वळ योगायोग आहे, त्यात गूढ काही शोधू नका. पण बाराबारे एकशेचव्वेचाळीस हा पाढा त्या दिवसापासून भाची विसरली नाही.

खाली अंगणात आजी पूजेची फुलं निवडत होती. लाल जास्वंद होती, पांढरी चांदणी होती, बेलाची पानं होती. उजेड कमी होत गेला तशी एक जादू झाली. लाल जास्वंद काळीठिक्कर दिसायला लागली, पानं मात्र अजून ठळक, आणि पांढरी फुलं तर जणू स्वतःच उजळलेली. हे फुलांमध्ये होत नाही, आपल्या डोळ्यांत होतं. डोळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी भरपूर उजेडात रंग ओळखतात. काठीसारख्या पेशी अंधुक उजेडात कामाला येतात, पण त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. तिन्हीसांजेला शंकू थकतात आणि काठ्या जाग्या होतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट फुलांकडेच बघताना सुचली. महादेवाला पांढरी फुलं वाहतात. त्यामागचं कारण हेच असं मी म्हणणार नाही, पण प्रदोषाच्या वेळी पिंडीवर शेवटपर्यंत दिसत राहतं ते पांढरं फूलच.

पूजेला आम्ही महादेवाच्या देवळात गेलो. आजीनं नंदीच्या दोन शिंगांमधून आधी पिंडीचं दर्शन घेतलं, मग भाचीला घ्यायला लावलं. वाकून, एक डोळा मिटून, दोन टोकांमधून नेम धरून बघायचं. मला ते बघताना नेहमी जुन्या वेधकर्त्यांची आठवण येते, तेही असंच दोन खुणांमधून तारा धरायचे. देवळाच्या पायरीवर आजीनं गोष्ट सांगितली. समुद्र घुसळला तेव्हा हलाहल निघालं, सगळे पळाले, महादेवानं ते पिऊन गळ्यात अडवलं. ती वेळ प्रदोषाची. त्या आनंदात तो नंदीच्या शिंगांमध्ये उभा राहून नाचला आणि सगळे देव बघायला जमले. "म्हनून या येळंले देवळात जा लागते," आजी म्हणाली, "सगळे देव एका जागी सापडतेत."

परतताना भाची अंधारात अडखळली आणि वर बघू लागली. चंद्र नव्हताच. कृष्ण त्रयोदशीच्या संध्याकाळी तो असणारच नाही, तो सूर्याच्याही आधी मावळून गेलेला असतो. म्हणून तारे असे काही दिसत होते! पूर्व-आग्नेयेला तीन मुठी उंचीवर एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका होता. (हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. लहान मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब तोच राहतो.) "हा कोण?" तिनं विचारलं. तो होता शनी. शनिप्रदोषाच्या संध्याकाळी स्वतः शनी आकाशात हजर!

घरी आजीनं कणकेचा दिवा लावून दाराबाहेर ठेवला. वात दक्षिणेकडे. वर्षभर कुणी दिव्याचं तोंड दक्षिणेला करत नाही, धनत्रयोदशीला यमासाठी करतात. गल्लीभर प्रत्येक दारात एकेक दिवा, सगळे दक्षिणेकडे बघत असलेले. बिनचंद्राच्या रात्री ते केवढे उजळ दिसत होते! महिन्यातल्या सगळ्यात काळ्या रात्री जवळ आल्यावरच दिवाळी येते, हे तेव्हा भाचीच्या ध्यानात आलं.

रात्री न्यू जर्सीहून माझ्या भावाचा फोन आला. त्यांची शनिवार सकाळ होती, दहा वाजलेले. भाचीनं त्याला पहिलं वाक्य ऐकवलं, "मामा, तुमची त्रयोदशी लागून सात तास झालेत!" बरोबर होतं. तिथी लागते ती अख्ख्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी, कारण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचा कोन सगळ्यांना एकच. आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वाबारा होते, त्यांच्याकडे पहाटेचे पावणेतीन. बदलते ती फक्त तिन्हीसांज. त्या वेळी त्यांचाही प्रदोष शनिवारीच होता. पण नेहमी तसं होत नाही. समजा, उन्हाळ्यात एखादी त्रयोदशी आपल्याकडे शुक्रवारी रात्री नऊला लागली आणि शनिवारी रात्री आठला संपली. मानोऱ्यात शनिवारच्या सांजेला त्रयोदशी, म्हणजे शनिप्रदोष. न्यू जर्सीत तीच त्रयोदशी शुक्रवारी सकाळी साडेअकराला लागेल आणि शनिवारी सकाळी साडेदहाला संपेल. त्यांच्या वाट्याला शुक्रवारची सांज. आजीचा शनिप्रदोष न्यू जर्सीच्या मामाकडे जाईपर्यंत शुक्रवारचा होऊन बसतो! म्हणून तिकडच्या मराठी घरांनी पंचांग बघावं तर आपल्या गावाचं बघावं, भारतातलं नव्हे.

रविवारी पहाटे साडेपाचला मी भाचीला उठवलं. त्रयोदशी अजून चालूच होती. पूर्वेला, क्षितिजापासून दीडेक मुठीवर, नखाएवढी चंद्रकोर आणि तिच्या खाली लखलखणारी शुक्राची चांदणी. कोरीचा उरलेला गोल भागही अगदी फिका, राखेच्या रंगाचा दिसत होता. तो उजेड आपल्याच पृथ्वीवरून चंद्रावर पडलेला असतो. महादेवाच्या कपाळावर असते ती कोर एवढीच बारीक. दक्षाच्या शापानं झिजत चाललेल्या चंद्राला महादेवानं डोक्यावर जागा दिली, ही गोष्ट ज्यांना सुचली, त्यांनी कृष्ण पक्षातल्या अशा पहाटा बघितल्या असणार. खाली आजी सडा टाकत होती. "दिसला का वो?" तिनं वर न बघताच विचारलं. ती रोज बघते.

सुट्टी संपली, भाची पुण्याला गेली. पुढचा प्रदोष होता शुक्ल पक्षातला, ३ नोव्हेंबरला, सोमवारी. सोमप्रदोष. सोम म्हणजे चंद्रही आणि वारही. ती त्रयोदशी पहाटे पाचला लागली आणि रात्री दोनला संपली, अवघी एकवीस तासांची. धनत्रयोदशीच्या वेळची साडेपंचवीस तासांची होती, मग ही एवढी घाईत का? २३ ऑक्टोबरच्या सुमारास चंद्र पृथ्वीपासून चार लाख सहा हजार किलोमीटरवर गेला होता, म्हणून तेव्हा तो रेंगाळत चालला होता. ५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेला, तो तीन लाख सत्तावन्न हजारांवर आला, त्या वर्षातला सगळ्यात जवळचा. जवळ आल्यावर तो धावतो हे आपण आधी पाहिलंच. ही त्रयोदशी सूर्योदयालाही होती आणि सूर्यास्तालाही, त्यामुळे कॅलेंडरच्या चौकोनात भांडणाला जागाच नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी पावणेसहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"मामा, मी गच्चीवर आहे. चंद्र पूर्वेला, जवळजवळ गोल. मोजला. अडीच मुठी आणि थोडा वर."

मी स्लॅबवर आलो. हात लांब केला, मुठी रचल्या. चंद्र तिथंच होता, तुरीच्या वावरावर. त्याच्या खाली पृथ्वीची सावली नुकती वर यायला लागली होती.

"माझ्याकडे पण तेवढाच."

"पण माझा सूर्य अजून आहे," ती म्हणाली. "तुमचा गेला का?"

"पाचेक मिनिटं झाली. आजी दिवा लावतेय."

"मग थांब, फोन ठेवू नको," ती म्हणाली, "माझाही चाललाय."